अनॉनबाईंची सनद

इंग्रजी शब्दकोशानं माझी नोंद पहिल्यांदा उडवली तेव्हा घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी ती अकरा वाजून आठ मिनिटांनी टाकली होती. म्हणजे बारा मिनिटं मी जागतिक कीर्तीचा माणूस होतो. त्यातली चार मिनिटं रऊफभाईंनी मागवलेला चहा बशीत ओतण्यात गेली, हे मला अजून लागतं.

प्रकार असा. माझी बायको कौशल्या अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवत होती. ती त्या साली, दोन हजार सातच्या चैत्रात गेली. मी कापूस संकलन केंद्रावर ग्रेडर होतो. बैलगाडीत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा पाहायचा आणि ग्रेड सांगायची, हे माझं काम. माझं इंग्रजी 'ए', 'बी' आणि 'रिजेक्ट' एवढ्यावर तीस वर्षं भागलं. त्यामुळे कौशल्याच्या कपाटात काय आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं. पोळ्यानंतर एकदा पाहिलं, तर एक तपकिरी वही निघाली.

वहीत जुन्या इंग्रजी कवितांतल्या चाळीस जोडओळी तिनं उतरवल्या होत्या. प्रत्येकीखाली कवीचं नाव, पुस्तकाचं नाव, पान क्रमांक. कौशल्याचं सगळंच काम असं. डाळीच्या डब्यावरसुद्धा ती भरल्याची तारीख लिहायची. फक्त शेवटच्या, चाळिसाव्या जोडओळीखाली पुस्तक नाही, पान नाही. नुसतं 'अनॉन' आणि 'नोव्हें. ८६'. आणि त्या ओळींतल्या एका शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या. टी-एच-ओ-एल-ई.

दोन रेघा कौशल्या उगाच मारत नसे. घरातला लहान इंग्रजी-मराठी कोश काढला. त्यात तो शब्द नव्हता. जिथं असायला हवा होता तिथं थोडं अलीकडे थर्स्ट म्हणजे 'तहान' होती आणि थोडं पलीकडे थॉर्न म्हणजे 'काटा'. मधे कुठंही आपला शब्द नाही.

भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बेबीताईंना विचारलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण सल्ला सगळ्याच भाषांत देता येतो.

"वाचा पाहू," त्या म्हणाल्या.

"थोले."

"मंग त्यात काय हाय भाऊजी? थो म्हंजे तो, आन् थोले म्हंजे त्याले. आपलीच तं भाषा हाय. मास्तरीणबाई होत्या, पन माहेर हिवरखेडचं व्हतं ना!"

हे मला तेव्हा हास्यास्पद वाटलं. या गोष्टीत शेवटी जो माणूस हास्यास्पद ठरला तो बेबीताई नव्हेत, एवढं इथंच सांगून ठेवतो.

मग मी मोर्णेच्या पुलावरून जुन्या शहरात रऊफभाईंकडे गेलो. त्यांच्या पाटीवर 'रऊफ टायपिंग इन्स्टिट्यूट' असं मोठ्या अक्षरात आहे आणि 'व इंटरनेट' हे नंतर, उरलेल्या जागेत. आत तीन संगणक, दोन टाइपरायटर आणि बाकावर अर्ज टाइप करून घ्यायला आलेली माणसं. त्या वर्षी वऱ्हाडात अर्जांचं पीक जोरात होतं. बाकीच्या पिकांचं विचारू नका.

रऊफभाईंनी शब्द टाइप केला आणि संगणकावरचा एक मोठा शब्दकोश उघडला. त्यात शब्द होता! उच्चार थोल. अर्थ: सोसणे, तग धरणे. पुढे लिहिलं होतं की हा शब्द जुन्या कवितांत फार यायचा, आता कोणी फारसं वापरत नाही. आणि त्याखाली एक चौकट: 'या अर्थाला उदाहरणे हवी आहेत. कोणाकडे असल्यास कृपया जोडावीत.'

मी ते तीन वेळा वाचायला लावलं. म्हणजे एवढा मोठा शब्दकोश उदाहरण मागत होता, आणि उदाहरण माझ्या पिशवीत होतं!

हा शब्दकोश कोणा एकाचा नाही, हे रऊफभाईंनी समजावलं. गावजेवणासारखा आहे. कोणीही यावं, पंगतीत वाढावं. मी म्हणालो, "मग वाढा!" त्यांनी माझ्या नावाचं खातं उघडलं आणि कौशल्याच्या वहीतल्या ओळी टाइप केल्या:

'शी दॅट डिड थोल द समर लाँग, शॅल ले हर कर्ड्स इन द फर्स्ट व्हाइट रो.'

बाकावरच्या दोघांनी अर्ज बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. अकरा आठ. पुढचं सांगितलंच आहे.

नोंद उडवणाऱ्यानं खाली निरोप ठेवला होता. त्याचं तिथलं नाव 'मॉसी स्टोन'. रऊफभाईंनी अर्थ सांगितला: शेवाळलेला दगड. मी त्याच क्षणापासून त्यांना शेवाळेसाहेब म्हणू लागलो. शेवाळे आडनावाचा एक इन्स्पेक्टर आमच्या केंद्रावर होता, तोही न बघता माल परत पाठवायचा.

"क्या बोल रहे?" मी विचारलं. रऊफभाईंशी बोलताना माझी हिंदी आपोआप सुरू होते आणि दोन वाक्यांत संपते.

"सनद मांग रहे ग्रेडरसाब. सही है उनका. उर्दू लुगत, याने डिक्शनरी का भी यहीच कायदा है. लफ्ज का मतलब लिखा, तो किसी शायर का शेर सनद में देना पडता. कौन शायर, कौनसी किताब, कौनसा सफा. बगैर सनद के लफ्ज यतीम."

यतीम हा शब्द मला झोंबला. कौशल्यानं दोन रेघा मारलेला शब्द, आणि अनाथ? मी त्याच वेळी ठरवलं: ही ओळ कोशात बसवीन तेव्हाच स्वस्थ बसेन.

घरी येऊन मी बेबीताईंना एवढंच म्हणालो, "सनद पाहिजे म्हणे." हे एवढंच म्हणणं चूक होतं.

"सनद? मंग मले काहून नाही सांगितलं? माह्या भावाचा साडू सर्वेच्या हापिसात हाय!"

आमच्याकडे सनद म्हणजे जागेचा कागद. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीताईंनी साडूंना फोन करूनसुद्धा ठेवला होता, आणि भावाच्या साडूला नाही म्हणणं आमच्याकडे बसत नाही. शिवाय मनात आलं, सरकारी शिक्क्याचा एक कागद जोडला तर शेवाळेसाहेबांवर वजन पडेल.

साडू रजेवर होते. त्यांच्या जागी बसलेल्या कारकुनानं फॉर्म पुढे ओढला.

"मिळकत कशाची?"

"शब्दाची."

त्यानं मान वर केली नाही. "क्षेत्रफळ?"

"पाच अक्षरं."

"चतुःसीमा सांगा."

मी खरं तेच सांगितलं. "एका बाजूला तहान, दुसऱ्या बाजूला काटा."

त्यानं लिहून घेतलं: पूर्वेस तहान, पश्चिमेस काटा. खाली माझी सही घेतली आणि म्हणाला, "मोजणीची तारीख कळवू." मी पोच घेऊन बाहेर आलो. खोटं कशाला सांगू, सरकारदरबारी एवढं सुरळीत माझं कधीच काही झालं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला आम्ही कवीचं नाव घालून नोंद टाकली. कवी: श्री. अनॉन. वहीत तसं स्पष्ट होतं, आणि कौशल्याच्या वहीत आणखी सहा ठिकाणी याच अनॉनच्या ओळी होत्या. कुठं साल तेराशे, कुठं सोळाशे. रऊफभाईंना वाटत होतं अन्वर असावं, उतरवताना गडबड झाली असेल. बेबीताई म्हणाल्या बंगाली असतील. माझं मत असं की माणूस कोणीही असो, तीनशे वर्षं लिहीत होता म्हणजे प्रकृती चांगली होती.

शेवाळेसाहेबांचं उत्तर आलं. अनॉन म्हणजे कवीचं नाव ठाऊक नाही. पुस्तक, आवृत्ती आणि पान क्रमांक द्यावा, अन्यथा कृपया पुन्हा टाकू नये.

'कृपया' होतं, हे खरं. पण माणसानं तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या परत पाठवल्या असल्या की परत पाठवण्याचे सगळे सूर त्याला ओळखू येतात. रांगेत रात्र काढून आलेला शेतकरी माझ्यासमोर उभा असायचा आणि मी म्हणायचो, "कवडी आहे जास्त. खालची ग्रेड." कवडी म्हणजे पिवळा पडलेला, न फुललेला कापूस. तो माझ्याकडे कसा पाहायचा ते मला पहिल्यांदा आतून कळलं.

आता पुस्तक. वहीतल्या बाकी एकोणचाळीस जोडओळी एकाच निळ्या बांधणीच्या जाड संग्रहातल्या होत्या. म्हणजे चाळिसावीही त्यातलीच असणार, पान लिहायचं राहिलं असेल. शाळेत गेलो. शाळेनं सांगितलं की जुनी इंग्रजी पुस्तकं कोणी वाचत नाही म्हणून ती अंजनगाव सुर्जीच्या एका वाचनालयाला देऊन टाकली. एस.टी.नं अंजनगावला गेलो. वाचनालय बंद. ग्रंथपालांचा पानमळा होता आणि ते मळ्यावर गेले होते.

अंजनगाव म्हणजे विड्याच्या पानांचं गाव. मी मळ्यावर जाऊन म्हणालो, "मला एक पान पाहिजे."

"एकच? इथं टोपलीनं मिळते."

"पुस्तकातलं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मजुरांना काहीतरी खूण केली आणि मला सावलीत बसवून पाणी दिलं. नंतर दोन तासांनी, मी शांत आहे अशी खात्री पटल्यावर, त्यांनी वाचनालय उघडलं.

पुस्तक सापडलं! निळी बांधणी, वाळवीनं एक कोपरा चाखलेला. मागच्या खिशात शाळेचं कार्ड होतं. त्यावर अकरा वेळा एकच सही. कौ. कौ. कौ. अकरा वेळा तिनं हे पुस्तक घरी आणलं होतं. ज्या घरी आणलं त्या घरी मीही राहत होतो आणि मला निळ्या रंगाचं पुस्तक आठवेना. बाकावर बसून मी ते कार्ड बराच वेळ पाहिलं. मग चष्मा पुसला आणि पान एकपासून बोट ठेवून शोधायला लागलो. अर्थ कळायचा प्रश्नच नव्हता. मी फक्त टी-एच-ओ-एल-ई शोधत होतो.

एकोणचाळीस जोडओळी सापडल्या, तिनं लिहिलेल्या पानांवर, तिनं लिहिल्या तशाच. चाळिसावी नाही. सहाशे बारा पानं संपली, विडे तीन झाले, शेवटची गाडी निघायची वेळ झाली, ग्रंथपालांनी ते कार्ड मला देऊन टाकलं. पानांच्या गावात पान मिळालं नाही.

मी जे घडलं ते जसंच्या तसं शेवाळेसाहेबांना कळवलं. आणि इथं गोष्टीनं उडी घेतली. साहेबांचा सूर बदलला. एकोणचाळीस अवतरणं अचूक उतरवणारी व्यक्ती चाळिसावं मनानं लिहिणार नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी आमच्या ओळी चर्चेच्या पानावर ठेवल्या आणि विचारलं, कोणाला ठाऊक आहे का?

दोन दिवसांत सात जण जमले. सात देशांचे! एक म्हणाला, पांढरी ओळ म्हणजे दवानं गोठलेली नांगराची रेघ. दुसरा म्हणाला, मेंढ्यांची रांग. तिसरीचं म्हणणं पांढऱ्या फुलांचं काटेरी कुंपण. पण दही कशाला ठेवायचं, यावर सगळे अडले. एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं तीन परिच्छेद लिहून सिद्ध केलं की गवळणी भुतांना दही ठेवत असत आणि ही ओळ पंधराव्या शतकातल्या एखाद्या हरवलेल्या हस्तलिखितातली असू शकते.

काय दिवस होते ते! रऊफभाईंनी संगणकासमोर जास्तीच्या चार खुर्च्या लावल्या. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं लोक दारातून विचारत, "दह्याचं काय झालं?" अर्ज टाइप करायला आलेला बाळापूरचा एक गृहस्थ आपला नंबर सोडून मेंढ्यांच्या बाजूनं भांडत होता. कौशल्या गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून मी टी.व्ही.वरच्या बातम्यांना उत्तरं द्यायचो. ते बंद झालं. संध्याकाळी घरी येऊन मी तिच्या फोटोला दिवसभराचा निकाल सांगायचो. "गवळणी पुढे आहेत," मी म्हणायचो.

बुधवारी प्राध्यापकांचा निरोप आला. पुस्तकाचं कार्ड आणि वहीचं पान यांचे फोटो पाठवा, 'पंधरावे शतक, बहुधा' अशी नोंद करायला माझी हरकत नाही. शेवाळेसाहेबांनी खाली लिहिलं: सहमत.

रऊफभाईंनी माझ्याशी हात मिळवला. फोटो काढायला गुरुवार ठरला.

गुरुवारी सकाळी नत्थुजी दारात. नत्थुजी म्हणजे कौशल्याचे चुलतभाऊ, हिवरखेडला कोरडवाहू शेती. सोबत पार्वताबाई वहिनी. कुठलंसं पाहणी पथक दिल्लीहून येणार होतं आणि त्याच्यापुढे मनोगत सांगायला गावातून दोन-दोन माणसं जीपनं अकोल्याला आणली होती. पथक दुसऱ्याच रस्त्यानं निघून गेलं.

"मनोगत तसंच घेऊन परत चाल्लो जवाईबापू," नत्थुजी म्हणाले. "म्हटलं तुमाले तरी सांगून जावं."

नत्थुजींचं आणि माझं एक जुनं आहे. शहाऐंशी साली त्यांची गाडी माझ्या केंद्रावर आली होती. सगळ्या रांगेला वाटलं, साहेबांचा साळा, वरची ग्रेड ठरलेली. मी मूठ काढली, धागा ओढला आणि खालची ग्रेड लावली. कवडी होतीच जास्त. नत्थुजी एक शब्द बोलले नाहीत. घरी कौशल्याही बोलली नाही. आठ दिवस.

घरी चहाची साखर संपली होती, फोटोची घाई होती, म्हणून मी दोघांना सरळ रऊफभाईंकडेच घेऊन गेलो. रऊफभाईंनी सगळी हकिकत रंगवून सांगितली. सात मुलुख, पंधरावी सदी, गवळणी, भुतं. मग ओळींचा अर्थ सांगितला: "जिस औरत ने सारी गर्मी सही, वो पहली सफेद कतार में दही रक्खे."

पार्वताबाई वहिनींनी पदर सारखा केला.

"मंग यवढे सात जन डोकं कावून फोडून राह्यले?" त्या म्हणाल्या. "हे तं शितादई होय."

बाकावरची माणसं वळून वहिनींकडे पाहू लागली. टाइपरायटरसुद्धा थांबला.

"कापूस पहिल्यांदा वेचाले निंगतो, तवा पहिल्या तासात, पहिल्याच ओळीत, दहीभात ठेवतो का नाही आपन? शितादई. कौशी लहान असतानी माह्या सासूच्या मांगं मांगं वाटी घेऊन जाये. पांढरी ओळ म्हंजे फुटलेल्या कपाशीचं तास. मेंढ्या कुठून आल्या त्यात?"

बाळापूरचे गृहस्थ मेंढ्यांच्या पक्षातून उठून गेले.

"आन् इंग्लंडात," नत्थुजी सावकाश म्हणाले, "कापूस कुठी पिकते, जवाईबापू?"

कुठं पिकतो? तीस वर्षं कापसात हात घातलेला माणूस मी. पांढरं तास म्हणजे कापूस, हे मला कळू नये? इंग्रजीत लिहिलेलं होतं म्हणून मी ते तिकडचं समजलो. मराठीत असतं तर एका क्षणात ओळखलं असतं. वही उघडली. नोव्हें. ८६. वेचणीचा महिना. आणि तेच साल.

कौशल्यानं ओळ उतरवली नव्हती. केली होती.

मला एवढा आनंद झाला की मी खुर्चीवरून उठलो, आणि उठल्यावर लक्षात आलं की आता काहीच उरलं नाही. ओळ तिची म्हणजे जुनी नाही. जुनी नाही म्हणजे पंधरावं शतक नाही, प्राध्यापक नाही, कोश नाही.

रऊफभाई हळूच म्हणाले, "ग्रेडरसाब, मैं तो कुछ सुना नहीं. फोटो भेज देते. भाभीजी का नाम ना सही, शेर तो रहेगा लुगत में. कयामत तक."

खोटं सांगत नाही, मी वहीचं पान फोटोसाठी नीट धरलंही होतं.

नत्थुजी माझ्याकडे पाहत होते. रांगेत पाहिलं होतं तसंच, पण या वेळी डोळ्यांत जरा मजा होती. "माह्या गाडीले तं तुमी खाली टाकलं व्हतं," ते म्हणाले. "आता घरच्या मालाले कोन्ती ग्रेड लावता, पाहू."

एकवीस वर्षं त्या माणसानं हे वाक्य जपून ठेवलं होतं. मोडायला याहून चांगला दिवस त्यांना मिळाला नसता.

मी रऊफभाईंना म्हणालो, लिहा. "माल पंधराव्या शतकाचा नाही. नोव्हेंबर एकोणीसशे शहाऐंशीचा आहे. माझ्या बायकोचा आहे. दही गवळणींचं नाही, आमच्याकडच्या कापसाच्या पहिल्या वेचणीचं आहे. सगळ्यांना त्रास दिला, क्षमस्व." रऊफभाईंनी टाइप केलं, पण पाठवायची कळ मला दाबायला लावली. ती मी दाबली.

उत्तर दुपारी आलं. प्राध्यापक गप्प होते. त्यांच्या गवळणींचं मला वाईट वाटतं. शेवाळेसाहेबांनी नोंदीचा प्रस्ताव काढून टाकला होता. पण खाली लिहिलं होतं: 'हातानं लिहिलेली वही आम्हाला चालत नाही. मात्र या ओळी कुठं छापल्या गेल्या असतील तर या चर्चेत इतरांनी शोधून दिलेल्या जुन्या अवतरणांखाली अलीकडचा वापर म्हणून घेता येतील. मरत चाललेला शब्द कोणी मुद्दाम वापरला, याचं आम्हाला मोल आहे. पत्नीबद्दल वाचून वाईट वाटलं.'

छापल्या? कुठं छापणार? कौशल्या काही छापायला पाठवणारी बाई नव्हती. नत्थुजी-वहिनींना एस.टी.त बसवून मी रिकाम्या हातानं घरी आलो. दारात एक लिफाफा पडला होता. सर्वेच्या हापिसातून. 'आपल्या मिळकतीची मोजणी सोमवारी होईल. अर्जदाराने हद्दीवर समक्ष हजर राहावे.' तहान आणि काटा यांच्या मधे कुठं उभं राहायचं ते दिलं नव्हतं.

मी ते पत्र हातात घेऊन ओट्यावर बसलो. बेबीताई आल्या. त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच त्यांनी मधे सल्ला दिला नाही. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "छापलेलं म्हंजे, शाळंच्या अंकात असलं तं चालते का?"

"कुठल्या अंकात?"

"आमच्या शोभीचा लेझीमचा फोटो आल्ता ना! तो अंक मास्तरीणबाईंनीच काढला व्हता. म्या ठेवला हाय जपून."

त्या आत गेल्या आणि पिशवीत, पिशवीच्या आत दुसऱ्या पिशवीत गुंडाळलेला शाळेचा वार्षिकांक घेऊन आल्या. १९८७. शोभी लेझीम घेऊन पान तेरावर उभी होती. तिच्या शेजारच्या पानावर, चौदावर, इंग्रजी विभाग. वर एका मुलीचा गाईवर निबंध. तो अर्ध्या पानात संपला होता आणि खाली मोकळी जागा उरली होती. ती जागा भरायला दोन ओळी होत्या. शी दॅट डिड थोल.

म्हणजे मी सहाशे बारा पानं चाळत होतो तेव्हा ते पान माझ्या भिंतीपलीकडे, दीड फुटांवर होतं. मी बेबीताईंच्या पाया पडायला वाकलो. "अवं भाऊजी, कंबर!" त्या ओरडल्या. बरोबरच ओरडल्या.

आणि मग ओळींखालचं नाव वाचलं.

अनॉन.

अंकाची संपादक तीच, कवयित्री तीच, आणि नाव घालायच्या जागी अनॉन! शेवाळेसाहेबांना मी पानाचा फोटो पाठवला आणि विनंती केली की कंसात तरी कौशल्याचं नाव घाला. साहेब नियमाला पक्के. 'छापलं आहे ते घेता येतं. तुम्ही सांगता त्यावर माझा विश्वास आहे, पण विश्वास ही सनद नाही.' मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. माणूस कवडी ओळखतो.

शनिवारी नोंद लागली. सगळी जुनी अवतरणं, तेराशे, चौदाशे, आणि त्यांच्या तळाशी: १९८७, अनॉन, शाळेचा वार्षिकांक, अकोला, पान १४. साहेबांनी स्वतःहून एक टीप जोडली होती: 'वऱ्हाडातील कापूस वेचणीच्या आरंभाच्या प्रथेचा संदर्भ.' बाकावरच्या लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. बारा मिनिटं गेली. वीस गेली. आम्ही दुपारी दोनपर्यंत घड्याळ पाहत बसलो. कोणी उडवली नाही.

उन्हाळाभर सोसणारी ती बाई शेतकरीण की ग्रेडरची बायको, हे मी शेवाळेसाहेबांना विचारलं नाही. त्या आठ दिवसांत ती काय लिहीत होती ते आता मला माहीत आहे. प्रत्येक अर्थाला उदाहरण जोडायची गरज नसते.

सोमवारच्या मोजणीला मी गेलो नाही. कारण त्या दिवशी मी हिवरखेडला होतो.

नत्थुजींनी त्या साली सगळं रान सोयाबीनला दिलं होतं. गावात बहुतेकांनी तेच केलं होतं. बांधाला लागून तेवढी सहा तासं कपाशीची होती. "वाती कराले घरी कापूस नको का?" असं त्यांचं म्हणणं. सोयाबीन निघालं, पण सहा तासांत शितादई काय करायची म्हणून वहिनींनी सोडून दिली होती. ओळींचा अर्थ ऐकल्यावर त्यांचा विचार बदलला. फोन आला, "दही तुमी आना जवाईबापू. अकोल्याचं."

दही एस.टी.त निम्मं माझ्या धोतरावर सांडलं. उरलेलं वाटीभर घेऊन मी बांधावर उभा राहिलो. नत्थुजींनी पहिलं बोंड वेचलं आणि माझ्या हातात दिलं.

"बोला ग्रेडरसाहेब."

मी दोन अंगठ्यांत धरून ओढलं. धागा पाहिला. पुन्हा पाहिला. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"दुसरी," मी म्हणालो.

"नाही सुधरले हे!" नत्थुजी एवढ्या जोरात हसले की पलीकडच्या बांधावरचे बगळे उडाले. "कौशे, पाह्य वं तुह्या नवऱ्याले!"

पार्वताबाई वहिनींनी पहिल्या तासात भाताचा मुटका ठेवला, त्यावर मी आणलेलं दही घातलं आणि हात जोडता जोडता थांबल्या.

"कोनाच्या नावानं ठेवू?"

मी काय छापलं आहे ते आठवलं, आणि सनदेप्रमाणे सांगितलं.

"असं व्हय," त्या म्हणाल्या, आणि मातीला हात लावला. "घे माय, अनॉनबाई. जेव."